निर्लेखनाचें खूळ

सरकारी कचेऱ्यांत व शाळांत ‘निर्लेखन’ या नांवाचा एक विधि आहे. षोडश संस्कारांत त्याची गणना नसली तरी त्याचा थाट अंत्येष्टीहून कमी नाहीं. एखादी वस्तु चालेनाशी झाली, किंवा चालत असूनहि जुनी दिसूं लागली, म्हणजे जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहींत तिच्या नांवापुढें ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो, समिति बसते, सह्या होतात, आणि एके दिवशीं भंगारवाल्याचा टेंपो दाराशीं येऊन उभा राहतो. माणूस मेल्याचा दाखला देण्यापूर्वीं डॉक्टर निदान नाडी तरी पाहतो. यंत्राची नाडी पाहण्याचा प्रघात आमच्याकडे नाहीं. पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हें या दोन तालुक्यांच्या निमित्तानें या प्रघाताविषयीं कांहीं लिहावें असें आम्हीं योजिलें आहे, आणि तें गोड असेल अशी अपेक्षा वाचकांनीं ठेवूं नये. (वेल्ह्याचें नांव राजगड करण्याचें सरकारनें २०२४ सालीं ठरविलें. यंत्रें न बदलतां नांवें बदलण्यास खर्च कमी येतो हें खरें. आम्ही तूर्त जुन्याच नांवानें लिहितों.)

भोर गांवाजवळून वाहत आलेली नीरा सारोळ्यापाशीं महामार्गाखालून जाते. पूल ओलांडला कीं पलीकडे सातारा जिल्ह्यांतील शिरवळ. या शिरवळांत गोदरेज आणि बॉइस कंपनीचा टंकलेखन-यंत्रांचा कारखाना होता. ज्या कंपनीनें १९५५ सालीं भारतीय बनावटीचें पहिलें टंकयंत्र तयार केलें, तिनेंच बाकीच्या देशी कारखानदारांनीं अंग काढून घेतल्यानंतरहि हा धंदा पुढें चालविला. २००९ च्या सुमारास तो थांबला आणि त्या जागीं शीतकपाटें होऊं लागलीं. दोन वर्षांनीं, म्हणजे २०११ च्या एप्रिलांत, जगांतील टंकयंत्रांचा शेवटचा कारखाना बंद झाला अशा अर्थाच्या मथळ्यांनीं परदेशचीं वृत्तपत्रें गहिंवरून गेलीं. मथळा खरा नव्हता, कारण अन्यत्र कोठें कोठें तीं यंत्रें होतच होतीं. पण गहिंवर यावयास खरेंखोटें पाहावें लागत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच. शिरवळास जें घडलें त्याची बातमी लंडनास पोंचली. नीरेच्या अलीकडे, भोरच्या बाजारपेठेंत, तिचें सुतक कोणी धरलें नाहीं. ज्या हातांनीं ते दांडे, त्या कळा, ते खिळे वर्षानुवर्षें जुळविले ते हात याच आसपासच्या खेड्यांत असले पाहिजेत. ते आज काय करीत आहेत, याची चौकशी करण्याचें कोणास सुचलें नाहीं. पुढें २०१७ च्या सुमारास राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन-परीक्षा यंत्रावरून उठून पुरती संगणकावर गेली, तेव्हां गांवोगांवच्या टंकलेखन-वर्गांचीं यंत्रें किलोच्या भावानें निघालीं. चाळीस वर्षें चाललेलें व आणखी चाळीस वर्षें सहज चाललें असतें असें यंत्र लोखंडाच्या मोलानें विकणें याला आमच्या भाषेंत काटकसर म्हणत नाहींत.

येथें एक गैरसमज आधींच दूर केलेला बरा. ‘जुनें तें सोनें’ ही म्हण आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जुनें तें पुष्कळदां गंजकेंच असतें. पुण्यांत अलीकडे अशीं उपाहारगृहें निघालीं आहेत कीं, तेथें भिंतीवरच्या फळीवर एक रेमिंग्टन, एक कंदील आणि एक तबकडी फिरवावयाचा टेलिफोन मांडून ठेवलेला असतो. त्या रेमिंग्टनची फीत वाळलेली, रुळाचें रबर दगडासारखें टणक झालेलें, चारदोन कळा कायमच्या खालीं बसलेल्या. तरी त्याच्या शेजारीं उभें राहून तरुण मंडळी छायाचित्रें काढून घेतात. याला जुन्याचें प्रेम म्हणावयाचें तर पेंढा भरलेल्या वाघाजवळ उभा राहणारा प्रत्येक इसम शिकारी म्हणावा लागेल. वास्तविक असें यंत्र जिवंत करण्यास फारसें लागत नाहीं. खिळ्यांच्या खांचांत साठलेली शाई आणि धूळ रॉकेलांत बुडविलेल्या दांतांच्या ब्रशानें काढावी. तेल द्यावें तें थेंबानें, कारण सढळ हातानें दिलेलें तेल धूळ धरतें व तीच धूळ पुढें दांड्यांस जखडून टाकते. फीत अद्याप मिळते. रूळ नवा चढविणें हें काय तें खर्चाचें काम. एवढें केल्यावर तें यंत्र वीज नसतांना चालतें, आणि पावसाळ्यांत वीज नसण्याचा अनुभव पानशेतपासून वरंध्यापर्यंत कोणास नाहीं? देवनागरी टंकयंत्राचा आमच्या लिपीवर जो परिणाम झाला त्याचा तर स्वतंत्र इतिहास आहे. टंकयंत्रांत व छापखान्यांत अक्षरें मावावींत याच विवंचनेंतून सावरकरांनीं ‘अ’च्या बाराखडीचा आग्रह धरला, आणि रेमिंग्टनच्या कळांचा तो जुना क्रम कित्येक कारकून संगणकावरहि आज सोडावयास तयार नाहींत. असें यंत्र फळीवर मांडून ठेवण्याची वस्तु नव्हे.

संगणकाची गोष्ट याहून वाईट आहे. टंकयंत्र मोडलें तर मोडलेलें दिसतें तरी. संगणक बहुधा मोडतच नाहीं, तो मोडला असें ठरविण्यांत येतें. त्याच्या पोटांत बटणाएवढा एक तीन व्होल्टचा सेल असतो. वीज बंद असतां घड्याळ चालू ठेवणें आणि चार खुणा लक्षांत ठेवणें एवढेंच त्याचें काम. कांहीं वर्षांनीं तो संपतो. मग यंत्र दर वेळीं सुरू होतांना आपण दहापंधरा वर्षांपूर्वींच्या एखाद्या जानेवारींत आहों असें समजूं लागतें. पडद्यावर इंग्रजींत कांहीं तक्रार उमटते. आणि इंटरनेटवरील बहुतेक संकेतस्थळें त्याच्याशीं बोलण्याचें नाकारतात, कारण तारीख चुकली म्हणजे त्यांचीं ओळखपत्रें मुदतींत बसत नाहींत. गुरुजी म्हणतात, “नेट चालत नाहीं, कॉम्प्युटर गेला.” गेला आहे तो वीसतीस रुपयांचा सेल, तो घड्याळजीच्या दुकानांतहि मिळतो. एका शाळेंत आम्हीं असे तीन संगणक एका ओळींत पाहिले. तिघांवर खडूनें फुली मारलेली होती.

वेल्ह्याकडील पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला पुढील रोगाची उत्पत्ति सांगावयास नको. तोरण्याच्या व राजगडाच्या पायथ्याशीं आषाढ-श्रावणांत भिंतीस हात लावला तर हात ओला होतो, पुस्तकांस बुरशी येते, आणि कपाटांतील कागद पापडासारखे नरम पडतात. अशा हवेंत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर थर धरतो. यंत्र सुरू करतांच टूं टूं असा आवाज करतें आणि पडदा काळाच राहतो. पट्टी काढून ती कड खोडरबरानें हलकेच पुसली व पट्टी पुन्हा घट्ट बसविली कीं पुष्कळ वेळां काम भागतें. विद्यार्थ्याच्या कंपासपेटींतील वस्तूनें जें बरें होतें त्याला समितीनें ‘दुरुस्तीपलीकडे’ असा शेरा मारावा, यांत दोष यंत्राचा कीं समितीचा? याहून थोडा अवघड रोग कपॅसिटरांचा. १९९९ पासून पुढें सातआठ वर्षें जगभर विकल्या गेलेल्या पुष्कळ मदरबोर्डांत निकृष्ट द्रवाचे कपॅसिटर बसविलेले होते. ते फुगतात, त्यांचें डोकें फुटून तपकिरी रस बाहेर येतो. रोग डोळ्यांना दिसतो. तो ओळखण्यास पदवी लागत नाहीं. जुना काढून त्याच मापाचा नवा डाग देऊन बसविणें हें काम हातांत थोडी स्थिरता असलेल्या कोणाहि मुलास कांहीं आठवड्यांत शिकवितां येतें, आणि तो कपॅसिटर पुण्याच्या तपकीर गल्लींत किरकोळ पैशांत मिळतो. मात्र जुन्या कांचेच्या पडद्याच्या मॉनिटरास शिकाऊ मुलांनीं हात लावूं नये. त्यांतील हजारों व्होल्टचा दाब वीज बंद केल्यावरहि कांहीं काळ दबा धरून बसलेला असतो.

दुरुस्तीच्या पुढची पायरी सुधारणेची. २०१० ते २०१५ च्या दरम्यानचा साधा संगणक आज असह्य मंद वाटतो, याचें मुख्य कारण त्याचा मेंदू थकला हें नव्हे. त्याची फिरती हार्ड डिस्क थकली आहे आणि रॅम अपुरी पडते आहे. डिस्क काढून एसएसडी बसविली, दोन जीबीची रॅम चार किंवा आठ केली, आणि लिनक्सपैकीं एखादी हलकी प्रणाली चढविली, तर जें यंत्र सुरू होईपर्यंत मास्तरांचा चहा होऊन जाई तें अर्ध्या मिनिटांत उभें राहतें. दोनतीन हजार रुपयांचा हा खर्च. नव्या यंत्रास याच्या दहापट तरी लागतात. हें गणित चौथीच्या मुलास समजेल. पण निर्लेखन-समितींत चौथीचीं मुलें नसतात.

आतां शाळांकडे येऊं. २००७ नंतर महाराष्ट्रांतील माध्यमिक शाळांतून संगणक-कक्ष उभारण्याची जी सरकारी योजना निघाली, तिची कंत्राटें पांच वर्षांचीं असत. पांच वर्षें कंत्राटदाराचा शिक्षक येई. मुदत संपली कीं शिक्षक गेला, देखभाल गेली, आणि यंत्रें शाळेच्या मालकीचीं होऊन मागें राहिलीं. योजना वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण यंत्र देतांना जो हिशेब झाला त्यांत यंत्र बिघडेल ही गोष्टच धरलेली नव्हती. विहीर खणून द्यावी आणि पोहरा द्यावयास विसरावें असा हा प्रकार. पुढें हिरडस मावळांतल्या काय आणि गुंजण मावळांतल्या काय, किती शाळांतून त्या कक्षास कुलूप लागलें, आणि किल्ली कोणाच्या खिशांत राहिली, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवीं जाऊन पाहावें.

या कुलपांत भर घालण्याचें पुण्यकर्म शहरांतील दानशूर मंडळी करीत असतात. कंपनीनें आपलीं यंत्रें बदललीं, म्हणजे जुनीं पंचवीसतीस यंत्रें एका टेंपोंत घालून नसरापुरावरून वेल्ह्याकडे रवाना होतात. नारळ फुटतो, फीत कापली जाते, मुलांच्या हातीं फुलें देऊन छायाचित्र निघतें. यंत्रांबरोबर कळफलक आहेत काय, वीजपुरवठ्याच्या तारा आहेत काय, आंतील डिस्क काढून घेतली आहे काय, हें दुसऱ्या दिवशीं समजतें. दात्यास भंगाराची विल्हेवाट लावावयाची होती, ती लागली. वर दानाचें श्रेयहि पदरांत पडलें. शहराचा कचरा उरुळी आणि फुरसुंगीच्या माथीं मारण्याची संवय पुण्यास जुनी आहे. तोच कचरा रंगीत कागदांत बांधून पाठविला म्हणून त्याचें दान होत नाहीं. विद्युत-कचऱ्याचे जे नियम केंद्र सरकारनें २०२२ सालीं केले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत जुनें यंत्र दुरुस्त करून त्याचें आयुष्य वाढविणारा हा एक स्वतंत्र, नोंदणीस पात्र असा वर्ग मानलेला आहे. कायद्यास जें सुचलें तें दात्यांस सुचूं नये काय? चालतें, तपासलेलें, एक वर्ष पाठपुरावा करण्याच्या वचनासह दिलेलें एक यंत्र हें पंचवीस मुक्या खोक्यांपेक्षां मोठें दान आहे.

हा प्रश्न आजच इतका निकडीचा कां झाला, याला एक ताजें कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमींची देखभाल थांबविली. पुढच्या विंडोज ११ ला सुरक्षिततेची एक विशिष्ट सोय आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रांत तीं नाहींत तीं, कितीहि धडधाकट असलीं तरी, कंपनीच्या दृष्टीनें बाद. कॅनालिस या संस्थेनें २०२३ च्या अखेरीस असा अंदाज केला होता कीं, या एका निर्णयानें जगांतील सुमारें २४ कोटी संगणक भंगारांत जाऊं शकतील. आणखी थोडी मुदत कांहीं अटींवर मिळते, हें आम्हांस ठाऊक आहे. पण मूळ मुद्दा मुदतीचा नव्हे. परदेशांतील एक व्यापारी ठरवितो कीं अमुक तारखेपासून तुमचें यंत्र म्हातारें. आणि आमची समिति, जिनें स्वतः कधीं त्या यंत्राचें झांकण उघडलें नाहीं, ती त्या दिवशीं मान डोलावून ‘नादुरुस्त’ असें लिहिते! मँचेस्टरच्या गिरणीवाल्याच्या सांगण्यावरून आपला चरखा माळ्यावर टाकणाऱ्यांस ज्या पिढीनें नांवें ठेविलीं, तिच्याच नातवांची ही कथा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. लिनक्स चढविलें तर मुलांना नोकरीस उपयोगी काय? सरकारी नोकरीस एमएस-सीआयटीचें प्रमाणपत्र लागतें, तेथें विंडोज आणि वर्ड यांचीच ओळख असते. मग निराळी प्रणाली शिकवून मुलांचें नुकसान कां करावें? हा आक्षेप घेणारांनीं एकदां केरळाकडे पाहावें. तेथें २००१ पासून शाळांसाठीं सरकारी प्रयत्न सुरू झाला आणि त्याच दशकांत साऱ्या राज्याच्या शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. दहावीची संगणकाची परीक्षाहि तिच्यावरच होते. २०१८ पासून शाळाशाळांतून विद्यार्थ्यांचीं मंडळें निघालीं, त्यांतील मुलें यंत्रांची देखभालहि शिकतात. केरळी मुलांस नोकऱ्या मिळत नाहींत असें आम्हीं अजून ऐकलेलें नाहीं. ज्यानें एका चुलीवर स्वयंपाक केला त्याला दुसऱ्या चुलीवर भाकरी भाजतां येत नाहीं असें थोडेंच आहे? आणि भारतीय भाषांसाठीं बॉस नांवाची लिनक्स प्रणाली सी-डॅकनें, म्हणजे ज्या संस्थेचें मुख्य ठाणें पुण्यांतच आहे तिनें, २००७ सालींच काढली होती. मद्रास-त्रिवेंद्रमकडे पाहण्याचीहि गरज नव्हती. कात्रजचा घाट उतरून खालीं येण्याची होती.

दुसरा आक्षेप मात्र आम्ही आदरानें ऐकतों. पुण्याच्या मुलास नवें आणि वेल्ह्याच्या मुलास जुनें, हा न्याय कोणता? मोठ्या भावाचा सदरा धाकट्यानें घालावा तसें खेड्यानें शहराचें उतरलेलेंच वापरावें काय? हा प्रश्न विचारणारास आम्ही खोटें पाडूं इच्छीत नाहीं. सरकारनें नवीं यंत्रें द्यावींत, अवश्य द्यावींत, आणि तीं मागण्याचा भोर-वेल्ह्याचा हक्क तसूभरहि कमी होत नाहीं. पण नवीं येतील तेव्हां येतील. तोंवर कुलपांत पडलेल्या दहा यंत्रांपैकीं सहा उद्यां चालूं शकत असतां तीं बंद ठेवणें यानें कोणाचा मान वाढतो? आणि दुसरें असें कीं, हल्लींच्या नव्या वस्तु, त्या टॅबलेटच्या चकचकीत पाट्या, उघडतांच येत नाहींत. बॅटरीसुद्धां डिंकानें चिकटविलेली. जुन्या संगणकाचीं चार स्क्रू काढलीं कीं आंतला सारा संसार मुलापुढें उघडा होतो: हा वीजपुरवठा, ही स्मृति, हा मेंदू, हा पंखा. वापरणारा आणि जाणणारा यांत जें अंतर आहे तें या चार स्क्रूंचें आहे. नवें यंत्र मिळालेल्या मुलापेक्षां जुनें यंत्र स्वतः उभें केलेलें मूल पुढें जाईल, अशी पैज मारण्यास आम्ही तयार आहों.

तरी सरसकट सारें जगवावें असें आमचें म्हणणें नाहीं. २००५ च्या आसपासचा पेंटियम चार आणि त्याच्या जोडीचा कांचेचा मॉनिटर मिळून जी वीज खातात तींत आजचे कित्येक लहान संगणक चालतील. शिवाय आजचें इंटरनेट त्याला पेलत नाहीं. असलीं यंत्रें रोजच्या कामास लावणें हा हट्ट होय. त्यांचे उपयोगी भाग काढून घ्यावे आणि उरलेलें नोंदणीकृत पुनश्चक्रण करणारास द्यावें. रस्त्याकडेच्या भंगारवाल्यास देऊं नये, कारण तांब्यासाठीं तारा जाळणें हाच त्याचा रसायनशाळेचा सगळा अभ्यास, आणि तो विषारी धूर आपल्याच शिवारांत उतरतो.

पण थांबा. हीं जीं बाद यंत्रें, त्यांतील थोडीं तरी, मोडण्यापूर्वीं आम्हांला हवीं आहेत; आणि या मासिकाच्या वाचकांस हा भाग विशेष जवळचा वाटावा. १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत मराठीचा पुष्कळ मजकूर संगणकावर लिहिला गेला, पण तो आजच्या युनिकोडांत नाहीं. सी-डॅकचें आयएसएम, मॉड्युलरची श्री-लिपि, आकृति: ज्याची त्याची निराळी सांकेतिक पद्धति. इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले. तो विशिष्ट फाँट यंत्रांत असेल तर ‘ज्ञानेश्वर’ दिसतो, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन कचरा. इतिवृत्तें, सहकारी संस्थांचे अहवाल, शाळांचे दाखले, वार्षिकांक, लेखकांच्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे हे सारें फ्लॉपींवर आणि जुन्या डिस्कांवर निजलेलें आहे. रूपांतर करणाऱ्या प्रणाली मिळतात. पण त्यांत रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी आपली जागा सोडते, जोडाक्षरें फुटतात, आणि मूळ कसें दिसत होतें हें ताडून पाहण्यास त्या काळचेंच यंत्र त्या काळच्या फाँटसह चालू स्थितींत लागतें. साडेतीन इंचांची फ्लॉपी वाचणारी पेटी आजच्या संगणकास बाहेरून जोडतां येते. सव्वापांच इंचांची मात्र तशी सहजासहजीं वाचतां येत नाहीं, तिला जुन्या मदरबोर्डाचाच आधार. आणि फ्लॉपीचा चुंबकी थर कांहीं शिलालेख नव्हे. दमट कपाटांत तिच्यावर बुरशी चढते.

इंग्लंडच्या विल्यम राजानें १०८६ सालीं आपल्या राज्याची मोजदाद चर्मपत्रावर लिहवून घेतली. ती आजहि वाचतां येते. तिचीं नऊशें वर्षें साजरी करण्यास १९८६ सालीं बीबीसीनें तशीच नवी मोजदाद केली. शाळकरी मुलें धरून दहा लाखांवर लोकांनीं मजकूर पुरविला, आणि तो त्या वेळच्या एका ठराविक संगणकासाठीं लेझर-तबकड्यांवर नोंदविला. पंधरासोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या लोकांस ती माहिती वाचविण्यासाठीं खास प्रयत्न करावा लागला. एवढ्या लांब जाण्याचेंहि कारण नाहीं. भोर हें पंत सचिवांच्या संस्थानाचें ठाणें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. या भागांतल्या जुन्या घराण्यांतून मोडी कागदांचे रुमाल अद्याप असतील, आणि ते उघडून वाचूं शकणारा नातू मिळणें कठीण झालें आहे. मांढरदेवाच्या डोंगरापलीकडे वाईस मिळालेल्या असल्याच कागदांतून राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या ‘साधनां’चा पहिला खंड काढला, आणि पुढें जन्मभर वाण्याच्या पुड्यांतून व वाळवीच्या तोंडांतून कागद सोडवीत ते हिंडले. मोडी वाचतां न येण्यास दोन पिढ्या लागल्या. फ्लॉपी वाचतां न येण्यास एकहि पुरी लागली नाहीं. लिहिणारा अजून हयात आहे आणि त्याचेंच लिहिलेलें त्याला वाचतां येत नाहीं!

म्हणून जुन्या यंत्रांच्या हौशी मंडळींत जो वाद चालतो, कीं मूळ भाग तसाच राखावा कीं नवा बसवून सुधारावें, तो आम्हांस निरर्थक वाटतो. जें यंत्र कामासाठीं आहे त्याला खुशाल फाडावें, नवें बसवावें, जुनें फेंकावें. त्याच्या कौमार्याची चिंता करूं नये. जें यंत्र साक्षीसाठीं आहे, ज्याच्यावांचून एखादा कागद वा तबकडी मुकी होईल, त्याला मात्र हात लावतांना हात धुवून लावावा. दोन्ही एकाच मापानें मोजणारा मनुष्य घरांतल्या कढईस देव्हाऱ्यांत बसवील आणि देवाच्या ताम्हनांत भजीं तळील.

करावयाचें काय, तें फार नाहीं. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत एक खोली, चार टेबलें, डाग देण्याचीं हत्यारें, एक मीटर, सुट्या भागांचीं खोकीं, आणि टंकयंत्रें जाणणारा शिरवळचा एखादा निवृत्त कारागीर, आठवड्यांतून दोन दिवस. दोन्ही तालुक्यांच्या शाळांनीं व कचेऱ्यांनीं आपलीं बंद यंत्रें आधीं तेथें पाठवावीं. मुलें शिकतील, यंत्रें परत जातील, आणि जीं खरोखरच मेलीं असतील त्यांच्या मरणाचें कारण निदान कळेल. एका कोपऱ्यांत एक जुना संगणक सव्वापांच आणि साडेतीन इंचांच्या दोन्ही फ्लॉपी-पेट्यांसह चालू ठेवावा, त्यांत जुने सारे मराठी फाँट असावे, आणि ज्याला आपली जुनी फ्लॉपी वाचून घ्यावयाची असेल त्यानें ती तेथें घेऊन यावी. यास फार पैसा लागत नाहीं. जो लागेल तो भंगाराच्या लिलावांतून मिळणाऱ्या चिल्लर रकमेपेक्षां अधिक असेल हें आम्ही कबूल करतों. पण बंद कक्षाचा खर्च कोणत्या वहींत लिहितात तेंहि एकदां सांगावें.

मार्चअखेर जवळ आली कीं निर्लेखनाच्या याद्या तयार होतात. त्या यादींत अनुक्रम, वस्तूचें नांव, खरेदीची तारीख, किंमत आणि शेरा एवढे रकाने असतात. भोर व वेल्हें येथील गटशिक्षणाधिकाऱ्यांस व तहसीलदारांस आमची मागणी एवढीच आहे कीं, शेऱ्याच्या अलीकडे आणखी एक रकाना आंखावा: ‘काय बिघडलें आहे?’ आणि तो ज्या वस्तूपुढें रिकामा असेल ती वस्तु त्या वर्षीं टेंपोंत चढवूं नये.